शांतता भरून मिळेल

महाराष्ट्रात दुचाकी घेणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. पहिला पंथ सीटवरचं प्लॅस्टिक गाडी भंगारात जाईपर्यंत काढत नाही. दुसरा पंथ सायलेन्सरमधली पुंगळी पहिल्याच आठवड्यात काढून टाकतो. पहिल्याचा त्रास फक्त मागे बसणाऱ्याला, तोही उन्हाळ्यात. दुसऱ्याने मात्र पोलीस खात्याला एक नवा सण मिळवून दिला आहे. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडायचे, छायाचित्रकारांना बोलवायचं आणि त्या ओळीवरून रोडरोलर फिरवायचा. आपल्याकडे अनेक शहरांत हा सोहळा झाला आहे. त्यात सगळ्यांत मोठा आवाज रोडरोलरचाच असतो, पण तो सरकारी असल्यामुळे मोजत नाहीत.

पुंगळी काढणारे असे गल्लोगल्ली. पण सायलेन्सर उघडून, त्यात नवं भरण घालून, वर रिव्हेट मारून गाडीला मुद्दाम गप्प करणारा माणूस मी आपल्याकडे कधी पाहिला नव्हता. तो पाहायला आयर्लंडमध्ये यावं लागलं, आणि इथेही तो मीच निघालो.

आम्ही राहतो सँट्रीत. डब्लिनच्या उत्तरेचं हे उपनगर. विमानतळ इतका जवळ, की पाहुण्याला आणायला आपण बूट घालेपर्यंत तो दारात उभा असतो. डोक्यावर विमानं, कडेला एम ५० महामार्ग. शिवाय डब्लिन बंदरापासून निघालेला साडेचार किलोमीटरचा बोगदा २००६ साली सुरू झाला, तोही तोंड वर काढायला आमच्याच हद्दीत येतो. बंदरातले अवजड ट्रक त्यातून बाहेर पडून मोकळा श्वास घेतात. थोडक्यात, आवाजाच्या बाबतीत सँट्री स्वयंपूर्ण आहे. वेगाची परंपराही मोठी. आज मॉर्टन स्टेडियम म्हणतात त्या इथल्या मैदानावर ६ ऑगस्ट १९५८ रोजी हर्ब इलियट या ऑस्ट्रेलियन धावपटूने एक मैल ३ मिनिटं ५४.५ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. त्याच शर्यतीत एकूण पाच जण चार मिनिटांच्या आत आले. पाचही जण आवाज न करता आणि धूर न सोडता. माझी स्कूटर त्या स्टेडियमवरून जाते तेव्हा हा मुद्दा मला टोचतो.

स्कूटर जन्माने कानपूरची. इटलीच्या वेस्पाच्या आराखड्यावर एलएमएलने तिथे बांधलेली ‘स्टार’ ही गाडी युरोपातही विकली जायची. किक मारायची, डाव्या मुठीने गिअर बदलायचे, पेट्रोलबरोबर ऑइल जाळायचं, अशी ही टू-स्ट्रोक वंशाची मुलगी डब्लिनच्या पावसात एकटी उभी दिसली आणि मी तिला घरी आणलं. परदेशात गेलेली माणसं देशाची आठवण म्हणून भिंतीवर वारली चित्र लावतात. बायकोच्या मते तेवढ्यावर भागलं असतं.

आधीचा मालक हौशी होता. त्याने मूळचा सायलेन्सर काढून शर्यतीच्या गाड्यांना असतो तसला बसवला होता. म्हणजे आधी मधोमध फुगलेली लांब नळी आणि तिच्या शेवटी एक छोटा डबा. वर्षानुवर्षांच्या ऑइलने तो डबा आतून कुजला, आणि कानपूरची मुलगी पहाटेच्या वेळी साऱ्या आळीला स्वतःची ओळख करून देऊ लागली.

आपल्याकडे यावर पहिल्या दिवशी भांडण झालं असतं, दुसऱ्या दिवशी सोसायटीची नोटीस आली असती आणि तिसऱ्या दिवशी प्रकरण मिटलं असतं. आयरिश माणूस असा सुटसुटीत त्रास देत नाही. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. आम्ही घरात त्यांना काका म्हणतो. काका कुंपणापाशी आले, हवा कशी आहे ते बोलले, उद्या कशी असेल ते बोलले, काल कशी होती याचीही उजळणी झाली. मग जाता जाता म्हणाले, “तुझी स्कूटर आज सकाळी अगदी खुशीत होती.” मी आभार मानले. पुढच्या आठवड्यात म्हणाले, “आमच्या कुत्र्याला तिचा आवाज फार आवडतो. तो लगेच जागा होतो आणि तिच्याबरोबर गातो.” मी घरात येऊन हे कौतुकाने सांगितलं. बायकोने कपाळाला हात लावला. “अरे, ते तक्रार करतायत,” ती म्हणाली. “इथे याहून मोठ्याने कोणी ओरडत नाही.”

सरकारकडून ओरडण्याची सोय नव्हती. आयर्लंडमध्ये मोटारींना २००० सालापासून एनसीटी नावाची परीक्षा आहे. ठरावीक वर्षांनी गाडी नेऊन दाखवायची, ब्रेकपासून धुरापर्यंत सगळं तपासून घ्यायचं. दुचाकींना ही परीक्षाच नाही. दुचाकीचा परीक्षक म्हणजे शेजारी, आणि तो नापास करताना अभिनंदन करतो. म्हातारपणाचीही इथे चंगळ आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीने पंधरा वर्षं ओलांडली की तिच्यावर पर्यावरण कर लागतो. इथे तिशी ओलांडली की गाडी व्हिंटेज ठरते आणि दुचाकीचा रस्ता कर वर्षाला २६ युरोंवर येतो. माझीचं अजून ते वय झालेलं नाही. म्हणजे कर तरुणपणाचा भरायचा आणि खोकला म्हातारपणाचा ऐकायचा.

मी गॅरेजमध्ये गेलो. जगातल्या कुठल्याही गॅरेजवाल्याची पहिली क्रिया एकच असते. तो गाडीला हात लावण्याआधी जीभ टाळ्याला लावून ‘चक्’ करतो. आपल्याकडे त्या चक्नंतर “हे कुणी केलंय?” असा प्रश्न येतो आणि पोरगं चहा आणायला जातं. इथे त्या चक्नंतर ताशी दर येतो. चक्चाही त्यात हिशेब असावा. दर ऐकून मी विचारलं, “एवढ्यात नवा नाही का मिळणार?” तो म्हणाला, “नक्की मिळेल.” “कुठे?” “आता मिळत नाही.”

परदेशातला मराठी माणूस असा कारागीर बनतो. पुण्यात ज्याने नळाचा वॉशर बदलायलाही माणूस बोलावला, तो इथे येऊन वर्षभरात भिंत रंगवतो, फरशी बसवतो, स्वतःच्या मुलाचे केस कापतो आणि मुलाला टोपी घेऊन देतो. याला कोणी स्वावलंबन म्हणतं. मूळ कारण ताशी दर.

तरीही आधी जाणत्याचा सल्ला घ्यावा म्हणून साताऱ्याला मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामा जुने स्कूटरवाले. महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ साली निघाली आणि तिची प्रिया स्कूटर साताऱ्यातच तयार व्हायची. त्यामुळे मामांच्या दृष्टीने स्कूटर हा कंदी पेढ्यांइतकाच स्थानिक विषय आहे. मी फोन सायलेन्सरपाशी धरला. मामांनी चष्मा कपाळावर चढवला.

“कार्बन धरलाय. जाळून टाक.”

त्या काळात हे औषध सर्रास होतं. पेट्रोल पंपावरचा माणूस ऑइल टाकताना हात सैल सोडायचा, त्याची काजळी सायलेन्सरमध्ये बसायची, मग गाडी चढाला ओढेनाशी व्हायची. ‘पिकअप मेला’ असं निदान झालं की फोरमन सायलेन्सर उतरवून जाळात घालायचा, लाल होईतो तापवायचा आणि जमिनीवर आपटून राख झाडायचा. टू-स्ट्रोक गाडी कुठलीही असो, उपचार हाच.

“मामा, इथे जाळ कुठे करू?”

“बंबात घाल की रात्रभर.”

“बंब नाही इथे.”

“मग आंघोळ कशी करता?” मामांनी काळजीने विचारलं आणि फोन मामींकडे दिला.

इथे परसात कचरासुद्धा जाळायला कायद्याने बंदी आहे. एकतीस ऑक्टोबरला हॅलोवीनच्या रात्री उत्तर डब्लिनमध्ये जागोजागी शेकोट्या पेटतात खऱ्या, पण दुसऱ्याच्या शेकोटीत सायलेन्सर घेऊन जाणं बरं दिसत नाही. शिवाय माझा सायलेन्सर जाळून सुधारणाऱ्या जातीचा नव्हताच. तो भरायच्या जातीचा होता.

हा फरक समजून घेण्यासारखा आहे. टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एक स्फोट होतो. मिनिटाला चार हजार फेरे म्हटले तरी सेकंदाला सहासष्ट-सदुसष्ट स्फोट झाले. प्रत्येक स्फोटाचा धक्का नळीतून बाहेर धावत सुटतो. मूळच्या स्कूटरच्या बंद डब्यात आडवे पत्रे असतात. धक्का त्यांच्यावर आपटत, वळत, दमून बाहेर येतो. भरायच्या डब्यात मधोमध भोकाभोकांची सरळ नळी असते आणि तिच्याभोवती तंतू ठासलेले असतात. धूर सरळ निघून जातो. आवाज मात्र भोकांतून बाजूच्या तंतूंत शिरतो, तिथे हवा तंतूंना घासते आणि आवाजाची बारीकशी उष्णता होऊन जाते. तंतू जळाले किंवा ऑइलने चिकटले की आवाजाला अडकायला जागा उरत नाही, आणि मग शेजारचा कुत्रा गाऊ लागतो.

आवाज मारायच्या या विद्येमागे एक घरगुती गोष्टही आहे. हायरम मॅक्सिम या गृहस्थांनी १८८४ च्या सुमारास मशीनगन बनवली. तिच्या चाचण्या घेता घेता त्यांचे स्वतःचे कान गेले. त्यांचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम याने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, आणि पुढे इंजिनांचे सायलेन्सरही बनवले. वडिलांनी केलेला गोंधळ निस्तरण्यात मुलाचं आयुष्य जातं हे आपण ऐकून आहोत. इथे ते पेटंटसकट झालं.

माझ्या डब्याच्या आधीची ती मधोमध फुगलेली नळी तर थेट हेरकथेतली. वाल्टर काडेन हा पूर्व जर्मनीतला अभियंता एमझेड कंपनीच्या शर्यतीच्या मोटरसायकली बनवायचा. नळी नेमकी किती फुगवायची आणि किती आवळायची हे त्याने पक्कं बसवलं. फुगवटा आधी सिलिंडरमधला धूर ओढून घेतो, मग आवळलेल्या टोकावरून उलटलेली लाट बाहेर निसटू पाहणारं ताजं पेट्रोल परत आत ढकलते. या एका नळीच्या जोरावर १९६१ साली त्याच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. सप्टेंबरमध्ये त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीला गेला तो परत आलाच नाही. बायको-मुलं मोटारीच्या डिकीत लपून सीमा ओलांडून आली, आणि डेग्नर नळीचं गुपित घेऊन जपानला सुझुकीकडे गेला. पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसी गटाचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं. जपानच्या सुझुका ट्रॅकवर एका वळणाला आजही त्याचं नाव आहे.

हे सगळं मी बायकोला सांगितलं. एका नळीपायी माणसाने देश सोडला, बायकोला डिकीत घातलं! ती म्हणाली, “आपल्या स्कूटरला डिकी नाही, हे किती बरं आहे.”

मग एका शनिवारी, पाऊस दोन सरींच्या मध्ये थांबलेला असताना, परसातल्या शेडमध्ये काम काढलं. सायलेन्सर उतरवणं हा पहिला अध्याय. आयर्लंडच्या हवेत नट आणि बोल्ट यांचं लग्न फार लवकर पक्कं होतं. घटस्फोटासाठी आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल पाजून ठेवावं लागतं. घाई करून पाना लावला तर आटे जातात, आणि मग पुढचं सगळं ड्रिलच्या दारात. डबा हातात आला की त्याच्या टोपणाभोवतीचे रिव्हेट ड्रिलने उडवायचे. टोपण कुठल्या बाजूला कसं बसलं होतं याची खूण आधी करायची, कारण उघडल्यावर सगळ्या बाजू सारख्याच दिसतात. मग रबरी हातोडीने थोपटत आतली नळी बाहेर काढायची.

जुनं भरण बाहेर आलं ते काळं, ओलं आणि वासाने शेजारच्या घरात पोचलेलं. नळीलगत ते पार जळून गेलं होतं, आणि उरलेल्याने इतकं ऑइल प्यायलं होतं की डबा रिकामा झाल्यावर हलका लागला. या कामाला हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट लागतो, कारण काचेचे तंतू अंगाला लागले की दोन दिवस माणूस सारखा स्वतःशीच भांडत असतो. नळीची भोकं काजळीने बुजली होती. तारेच्या ब्रशने ती एकेक मोकळी करताना अख्खी दुपार गेली, आणि या कामाचे ताशी पैसे मागणाऱ्या गॅरेजवाल्याबद्दल मला प्रथमच प्रेम वाटलं.

लहानपणी ‘गाद्या भरून मिळतील’ म्हणत पिंजारी दारावर यायचा, त्याची आठवण इथे होते. फरक एवढाच, की पिंजारी जुनाच कापूस पिंजून परत भरायचा, आणि इथे जुनं फेकून नवं आणावं लागतं. आधी नळीभोवती स्टेनलेस स्टीलच्या तंतूंचा पातळ थर द्यायचा, म्हणजे आतल्या आगीची झळ थेट काचेला लागत नाही. त्यावर काचलोकरीची पट्टी गुंडाळायची, सुटू नये म्हणून कागदी चिकटपट्टी लावायची. ती नंतर आपोआप जळून जाते. खरी परीक्षा मापाची. सैल गुंडाळलं तर धुराबरोबर तंतू उडून जातात. फार ठासलं तर तंतूंमध्ये हवाच उरत नाही आणि आवाज शोषला जात नाही. दाबलं तर दबावं आणि सोडलं तर वर यावं, असं भरायचं. मग गुंडाळी फिरवत फिरवत डब्यात सरकवायची, कडेला उष्णता सोसणारं सिलिकॉन लावायचं, टोपण खुणेवर आणायचं आणि नवे रिव्हेट ठोकायचे. रिव्हेट गनची प्रत्येक ‘टक्’ ऐकून काका कुंपणापलीकडून म्हणायचे, “ग्रँड!”

रंगाचा प्रश्न उरला. सायलेन्सरला लावायचा उष्णतारोधक काळा रंग पक्का व्हायला भट्टीत भाजावा लागतो. घरात भट्टी एकच. मी डबा हातात घेऊन स्वयंपाकघरात नुसता डोकावलो, तर बायको ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसली होती. विणकाम तिला येत नाही, तरी हातात सुया होत्या. मी डबा घेऊन बाहेर गेलो. रंग इंजिनाच्या उष्णतेवरही पिकतो, जरा हळू.

किक मारली. पहिल्याच मिनिटात आतली चिकटपट्टी, नवं सिलिकॉन आणि उरलंसुरलं ऑइल एकदम पेटलं, आणि परसात इतका पांढरा धूर झाला की विमानतळाने चौकशी केली असती. काका धुरातून बाहेर आले. “काही जळतंय का?” “नाही, बरं होतंय,” मी म्हणालो. धूर विरला. राहिला तो आवाज असा, की स्कूटर चालू आहे हे पाहायला सीटला हात लावावा लागला.

पण शांतता कुणाला फुकट बसू देत नाही. मोठा आवाज गेला की त्याच्या आडोशाला बसलेले बाकीचे आवाज उठून उभे राहतात. सँट्रीतून निघालो तेव्हा कळलं, की मडगार्ड थरथरतंय, क्लचची केबल करकरतेय, डाव्या बाजूच्या डब्याचं झाकण गुणगुणतंय आणि स्टँडची स्प्रिंग प्रत्येक खड्ड्याला उत्तर देतेय. इतकी वर्षं ही मंडळी सायलेन्सरच्या जीवावर बिनबोभाट जगत होती. पुंगळी काढणाऱ्या पंथाचं शहाणपण तेव्हा पटलं: ते गाडीचा आवाज वाढवत नसतात, दुरुस्तीची यादी दाबत असतात. शांतता भरली की ती यादी आपल्या गळ्यात येते. मला ती आली. तीन बोल्ट, एक केबल, एक रबर आणि एक स्प्रिंग.

दुसऱ्या दिवशी काका कुंपणापाशी आले. हवा कशी आहे ते बोलले, उद्या कशी असेल ते बोलले. कुत्रा शांत झोपतो, थोडा उदास दिसतो, म्हणाले. मग आपल्या गवत कापायच्या यंत्राकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, “हे आमचं हल्ली फार खुशीत असतं.”

मला आता भाषा येत होती. मी यंत्राभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं, जीभ टाळ्याला लावून ‘चक्’ केलं आणि ताशी दर सांगितला. काकांनी मान डोलावली, “फेअर इनफ” म्हणाले, घरात गेले आणि स्वतःचं ड्रिल घेऊन बाहेर आले.